पांढऱ्या घुमटाची निळी किनार

चिकटपट्टी कशी लावावी आणि कशी काढावी, यावर पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत जेवढी मते आहेत तेवढी विहार कसा बांधावा यावरही नाहीत. विहाराबाबत निदान दोनच पक्ष आहेत. एक प्रभाकररावांचा, दुसरा रूपरावांचा. प्रभाकरराव निवृत्त मुख्याध्यापक आणि विहार समितीचे अध्यक्ष. ते कुणाशीही बोलताना आधी चूक शोधतात आणि ती सापडल्यावरच त्यांना बरे वाटते. रूपराव बांधकामाच्या सामानाचे दुकानदार आणि समितीचे कार्याध्यक्ष. त्यांचा वाढदिवस घरी कमी आणि वर्तमानपत्रात जास्त साजरा होतो. या दोघांच्या कृपेने आमचा प्लॉट इतकी वर्षे मोकळा पडला आहे की 'नियोजित बुद्ध विहार' या पाटीखाली 'येथे कचरा टाकू नये' अशी दुसरी पाटी लावावी लागली, आणि त्या पाटीच्या रंगावरूनही एक बैठक वाया गेली.

माझी आई तानाबाई रोज सकाळी त्या प्लॉटसमोर जाऊन उभी राहते, हात जोडते आणि परत येते. जवळचा विहार रस्त्यापलीकडे लांब आहे आणि तिचे गुडघे आता तेवढे अंतर मान्य करत नाहीत. घरी आली की ती पलंगावर बसते आणि मी समितीचा साधा सदस्य असूनही मलाच जाब विचारते.

"मले बसाले जागा पाह्यजे रे बाबू. उभ्या उभ्या किती दिवस वंदना करू?"

यंदा मात्र चमत्कार झाला. विहाराची एक छोटी प्रतिकृती करायची, बुद्ध पौर्णिमेला प्लॉटवरच मांडव टाकून दोघांनी मिळून तिच्यावरचा पडदा ओढायचा आणि तिथेच पाया खोदायचा ठराव घ्यायचा, असे ठरले. घुमट पांढरा हवा, ही प्रभाकररावांची अट. घुमटाखालून निळी किनार आणि वर सोनेरी कळस, ही रूपरावांची. दोघांनी माना हलवल्या आणि त्या चक्क एकाच दिशेने हलल्या. नागपूरच्या आर्किटेक्टला मात्र आमच्या समितीचा पूर्वानुभव होता. त्याने प्रतिकृती उत्तम करून पाठवली, पण कोरी. रंग तुम्हीच द्या, म्हणाला.

रंग कोण देणार, यावर बैठक अडली. यांच्या माणसाने दिला तर ते बोलणार, त्यांच्या माणसाने दिला तर हे. अशा वेळी मी उठून उभा राहिलो. मी जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक आहे आणि मला आपल्या बाजूला ओढावे असे आजवर कोणत्याही पक्षाला वाटलेले नाही, त्यामुळे माझी तटस्थता वादातीत होती. शिवाय आमच्या शोकेसमध्ये मी स्वतः रंगवलेले एक प्लास्टिकचे विमान आहे. माझी बायको जागृती म्हणते की पाहुण्यांची पोरे त्याला मासा समजतात, पण ती सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहे. विमानाबद्दल तिचे मत मी धरत नाही.

"ताकसांडे," प्रभाकरराव म्हणाले, "रेघ सरळ आली पाह्यजे. रेघ वाकडी झाली तर मी सगळ्यांदेखत सांगीन."

"माह्यं तसं काई नाई भाऊ," रूपराव म्हणाले. "थोडं इकडंतिकडं झालं तर मी बोलणार नाई. पण प्रभाकरराव बोलले, की मंग मले बोला लागन. अन् मी बोललो, की पाया काई होत नाई यंदा."

म्हणजे आईची बसायची जागा त्या रेघेवर आली होती आणि ती रेघ माझ्या हातात होती.

पांढऱ्यावर निळी रेघ सरळ आणायची तर मास्किंग करावे लागते. जिथे रंग नको तो भाग झाकायचा, उरलेल्यावर रंग मारायचा आणि मग झाकलेले उघडायचे. तत्त्व एवढेच. मी मोबाइलवर एका परदेशी गृहस्थाचे व्हिडिओ पाहिले. तो थंडगार खोलीत स्वेटर घालून बसतो, शांतपणे पट्टी चिकटवतो, शांतपणे ओढतो आणि रेघ अशी येते की पाहून माणसाला स्वतःच्या आयुष्याविषयी वाईट वाटावे. त्याच्या घरी मे महिना नसावा आणि शेजारी तर नसावेतच.

मी आधी घरातल्या जुन्या डब्यांवर सराव केला. पहिली पट्टी साध्या सेलोटेपची. ती ओढली तर रेघ राहिली बाजूला, खालचा पांढरा रंग कातडी सोलल्यासारखा निघून आला. आमचे शेजारी घनश्याम हे सगळे कुंपणावर हात ठेवून बघत होते. ते निवृत्त लाइनमन आहेत आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे काळा इन्शुलेशन टेप आहे.

"हा लावा साहेब. ताणला का गोल जागी बरोब्बर बसते."

बसला खरा. घुमटासारख्या गोल डब्यावर एकही सुरकुती न पाडता बसला. पण उन्हाचा तडाखा वाढला तसा तो ताणलेला टेप हळूहळू आपल्या मूळ लांबीला परत निघाला आणि जाताना निळा रंगही घेऊन गेला. घनश्याम म्हणाले, खांबावर असं कधी झालं नाही.

मग मला वाटले, दवाखान्यातली कागदी पट्टी पातळ असते, चामडी ओढत नाही, ती चालेल. मी जागृतीला म्हटले, वॉर्डातून येताना एक गुंडाळी आण.

"वॉर्डातली पट्टी? डब्ब्याले लावाले?" ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती बहुधा रुग्णांसाठी राखून ठेवलेली असावी. "मेडिकलमधून घ्या इकत. अन् डोक्श्याले दुपट्टा बांधून जा."

मी विकत आणली. त्या पट्टीला बारीक छिद्रे असतात. जखमेला हवा लागावी म्हणून ती ठेवलेली असतात आणि रंगाला ती आपल्यासाठीच ठेवली आहेत असे वाटते. डब्यावर निळ्या रेघेऐवजी निळी पुरळ उठली.

आता खरा मास्किंग टेपच आणणे भाग होते. तो रूपरावांच्या दुकानात मिळतो. पण रूपरावांच्या दुकानातून टेप घेतला असता तर प्रभाकररावांना कळले असते. दुसरे दुकान प्रभाकररावांच्या साडूचे. अखेर तटस्थ टेपच्या शोधात मी भर उन्हात सावंगीपर्यंत गेलो आणि विद्यार्थ्यांच्या गर्दीत उभा राहून एका स्टेशनरीच्या दुकानातून तो मिळवला. दुकानदाराने विचारले, काका, प्रोजेक्ट आहे का? मी हो म्हणालो. तेवढ्या उन्हात त्याला विहाराचे राजकारण समजावण्याचे त्राण माझ्यात नव्हते.

त्या टेपने मात्र डब्यावर रेघ सरळ आली. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलेले सगळे मी केले. टेप आधी काचेवर चिकटवून ब्लेडने त्याची कड नव्याने कापली. डिंक जरा कमी व्हावा म्हणून तो माझ्या हातावर चिकटवून काढला. त्यात मनगटावरचे केस गेले, पण विहारासाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले आहेत. मग मी प्रतिकृतीच्या घुमटावर स्प्रेने पांढरा रंग मारला आणि वाळत ठेवला. पांढरा डबा तिथेच संपला. एक दिवस वाळू द्या, असे तो स्वेटरवाला म्हणाला होता. मी मनात म्हटले, बाबा रे, तू एकदा मे महिन्यात वर्ध्याला ये. इथे धुतलेली चादर दोरीवर टाकेपर्यंत वाळते.

आणि इथेच मी ती चूक केली. बाहेर धूळ उडत होती, म्हणून प्रतिकृती घरात आणली. घरात जागृती रात्रपाळी करून आली होती आणि कूलर लावून झोपली होती. मी विचार केला, एवढा जोरदार वारा फुकट जातो आहे. म्हणून मी विहार कूलरच्या अगदी तोंडापुढे ठेवला. कूलरच्या गवताची एक काडी घुमटावर येऊन बसली, ती चिमट्याने काढली. बाकी सर्व छान चालले आहे असे मला वाटत होते. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी बोट लावून पाहिले, तर घुमट गार लागला. गार म्हणजे वाळला, असे मी धरले.

मी कड आखली, टेप लावला, नखाने दाबून बसवला आणि घुमटाचा उरलेला भाग वर्तमानपत्राच्या पानाने गच्च गुंडाळला. निळ्याचा एक कणही पांढऱ्यावर उडू नये म्हणून ते पान तळहाताने चारही बाजूंनी चांगले दाबले. मग श्वास रोखून निळा मारला आणि विहार पुन्हा कूलरपुढे ठेवला.

पौर्णिमेच्या सकाळी टेप ओढायला आम्ही सगळे जमलो. आई पलंगाच्या कडेला बसली. जागृती ड्यूटीवरून आलेली, तशीच उभी राहिली. कुंपणापलीकडे घनश्याम होतेच. टेपचे टोक उचलले आणि ते उलटे दुमडून सावकाश ओढू लागलो. टेप सुटत गेला आणि मागे निळी किनार उघडी होत गेली. सरळ, कुठेही न फुटलेली, न पसरलेली. पूर्ण फेरी झाली तेव्हा आई हलकेच म्हणाली, "पाह्य, रेघ कशी बसली." मला रडू यायचे बाकी होते. मी कधीतरी चांगले काम केले, तर ते हेच.

मग मी वर्तमानपत्र काढायला घेतले. ते निघेना. ओढले तर चर्र असा आवाज झाला आणि पान सुटून आले. घुमटाच्या मागच्या बाजूला काहीतरी करडे दिसत होते. मी जवळ जाऊन पाहिले. आधी एक गॉगल दिसला. मग मिशा. मग हात जोडलेले. वरती फेटा.

"हे तं रूपराव हायेत," जागृती म्हणाली.

रूपरावच होते. मागची बाजू कूलरकडे होती, तीच ओली राहिली होती, आणि वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात शाईसकट तिच्यावर उतरली होती. खाली अक्षरेही होती, पण आरशात दिसतात तशी उलटी, त्यामुळे वाचता येत नव्हती. घनश्याम कुंपणावरून वाकले.

"कूलरच्या हवेत रंग वाळवला काय साहेब? ओल्या हवेत पापड तरी वाळते काय?"

हे त्यांनी आदल्या दिवशी सांगायला हवे होते. आदल्या दिवशी ते टेपवर बोलत होते.

त्यानंतरचे काही तास मी माणसात नव्हतो. खोडरबराने रूपराव फिकट झाले, पण गेले नाहीत. टूथपेस्ट लावून घासले तर एक मिशी गेली, दुसरी राहिली. कापसावर थिनर घेऊन कानाला लावला, तर कान गेलाच, पण त्याखालचा पांढरा रंगही गेला आणि प्लास्टिक दिसायला लागले. पांढऱ्याचा नवा डबा आणायचा तर पुन्हा सावंगी. आणून मारायचा तर निळ्या किनारीवर टेप लावावा लागणार, आणि कोवळ्या निळ्यावर टेप लावणे म्हणजे आलेली रेघही घालवणे. शेवटी मी ठरवले की पुढून विहार निर्दोष आहे, पुढूनच दाखवायचा. कळसाला सोनेरी रंग दिला, प्रतिकृतीवर पडदा घातला आणि पडद्यालाच मनात विनवले. आईने तोवर अंगणातली फुले तोडून वंदनेसाठी कागदात बांधून घेतली होती.

संध्याकाळी मांडव भरला. खीर शिजत होती. मी टेबल मागच्या बॅनरला इतके चिकटवून ठेवले होते की मागे मुंगीही जाऊ नये. आई पांढरे लुगडे नेसून पहिल्या रांगेत बसली, मांडीवर फुलांची पुडी. त्रिशरण, पंचशील झाले. मग दोघांनी एक-एक टोक धरून पडदा ओढला आणि टाळ्या वाजल्या.

प्रभाकररावांनी खिशातून फूटपट्टी काढली. ते वाकले, घुमटाच्या किनारीला लावून पाहू लागले.

"सरळ आहे," ते म्हणाले. त्यांनी आयुष्यात कुणाला इतके गुण दिले असतील असे वाटत नाही.

"मंग," रूपराव खूश होऊन म्हणाले, "अशी रेघ दुकानातल्या माणसालेही नाई जमत. या सर, एक सेल्फी होऊन जाऊ द्या. असा योग येत नाई."

मी पुढे झालो. म्हटले, मी काढतो फोटो, समोरून काढतो. पण रूपरावांचे सेल्फी रूपरावच काढतात. त्यांनी प्रतिकृती टेबलावरून उचलली, प्रभाकररावांच्या हातात दिली, स्वतः त्यांना खेटून उभे राहिले आणि फोन लांब धरला. देता-घेता विहार फिरला होता. त्याचे तोंड प्रभाकररावांच्या छातीकडे आणि पाठ आमच्याकडे.

पहिल्या रांगेतली एक बाई डोळे बारीक करून म्हणाली, "मांगं पालीत काई लिहेल दिसते." तिच्या शेजारणीने लगेच हात जोडले. क्षणभर मला वाटले, वाचलो.

पण फोनच्या पडद्यावर उलट्याचे सुलट होते. रूपराव हसता हसता थांबले. पडद्यावर दोन रूपराव होते. एक फोन धरलेला, दुसरा घुमटावर, एका मिशीचा, एका कानाचा, हात जोडून उभा. आणि प्रभाकरराव, ज्यांना समोर अक्षर दिसले की मोठ्याने वाचायची सवय आहे, ते वाचू लागले.

"'विकासाचा ध्यास... जनतेचे आधारस्तंभ... आदरणीय रूपरावभाऊ यांना वाढदिवसाच्या...'" ते थांबले. मग फार हळू म्हणाले, "अजून पाया नाही खोदला, अन् घुमटावर तुमचा फोटो?"

"मी काऊन लावीन?" रूपरावांचा आवाज चढला. "लावला असता तं धड लावला असता. अर्धी मिशी पुसून काऊन लावला असता? हे तुमचंच काम हाये सर. पौर्णिमेच्या दिवशी माह्या तोंडाले काळं फासून राह्यले तुम्ही."

"मी? फासायला मला उद्योग नाहीत?"

मागच्या खुर्च्या सरकू लागल्या. आमच्या कॉलनीत खुर्च्या सरकल्या की त्या दोन बाजूंना सरकतात, हा अनुभव आहे. कुणीतरी म्हणाले, ठराव-बिराव राहू द्या आता. कुणी खिरीचे भांडे उचलायला निघाले. पहिल्या रांगेत आई खुर्चीचा हात धरून उठत होती. ती भांडणाकडे बघत नव्हती. ती प्लॉटकडे बघत होती, जिथे पाया यायचा होता, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मला ते सहन झाले नाही.

"मी केलं," मी म्हणालो.

कुणी ऐकले नाही. मग मी टेबलावर चढलो. सव्वीस जानेवारीलासुद्धा मी कधी टेबलावर चढलेलो नाही.

"मी केलं. कुणी फोटो लावला नाही. पेपरची शाई आहे. मी ओल्या रंगावर पेपर गुंडाळला. कूलरपुढे वाळवला होता, वाळला असं वाटलं. पेपरमध्ये रूपराव होते, ते माझ्या लक्षात नाही आलं. मिशी टूथपेस्टने गेली. कान थिनरने गेला. मला येत नाही हे काम. व्हिडिओ पाहून केलं."

एवढ्या लोकांत एवढे खरे मी कधी बोललो नव्हतो. पण कुणाचा विश्वास बसला नाही.

"शाई पेपरातून निघून घुमटावर जाते काय?" रूपराव म्हणाले. "कोणाले येडं समजून राह्यले?"

तेव्हा आई पुढे आली. तिने हातातली पुडी टेबलावर ठेवली, फुले बाजूला केली आणि कागद पसरला. तेच पान होते. त्यावरचे रूपराव निम्मे पांढरे पडले होते. गॉगल, फेटा, जोडलेले हात, सगळे घुमटावर निघून गेले होते. पेपर फेकायचा नाही, फुलाले होते, हा तिचा जुना नियम आहे. प्रभाकररावांनी कागद उचलला, घुमटाशेजारी धरला आणि कॉपी पकडलेल्या मास्तराच्या बारकाईने दोन्ही तपासले.

"जुळते," ते म्हणाले.

मग दोघेही माझ्याकडे वळले. मी अजून टेबलावरच होतो.

"ओल्या रंगावर पेपर?" रूपराव म्हणाले. "अन् कूलरसमोर? माह्या दुकानात सामान घ्याले आले असते, तं फुकटात सांगतलं असतं."

"एवढे शिकलेले तुम्ही," प्रभाकरराव म्हणाले. "पेपर गुंडाळण्याआधी निदान वाचायचा तरी."

"सर बरोबर बोलून राह्यले," रूपराव म्हणाले.

मांडवातले सगळे चमकून त्यांच्याकडे बघू लागले. हे वाक्य आमच्या कॉलनीत याआधी कुणी ऐकले नव्हते. प्रभाकरराव स्वतःसुद्धा जरा दचकले. पण गाडी सुरू झाली होती. माझ्या हलगर्जीपणावर, माझ्या विमानावर, एकूणच जिल्हा परिषदेच्या कारभारावर ते दोघे एकमेकांची वाक्ये पूर्ण करत बोलत राहिले. आणि त्याच ओघात प्रभाकररावांनी ठराव मांडला की पावसाळ्याआधी पाया खोदावा, आणि विहाराचे रंगकाम ताकसांडे यांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. रूपराव म्हणाले, "अनुमोदन. अन् एकच ठराव करा दोन्हीचा. वेगळा केला तं पुन्हा चर्चा होते."

हात वर करा म्हणताच पहिला हात वर गेला तो माझ्या आईचा.

घरी येताना मला राहवले नाही. म्हटले, "माय, सगळ्यांच्या आधी तू काऊन हात वर केला? लेकाच्या विरोधात?"

ती माझ्या खांद्याला धरून हळूहळू चालत होती. "ते दोघं पयल्यांदाच एक झालते बाबू. त्याइचा इचार बदलायच्या आत हात वर नको करू? तुले रंग नाई येत, हे मले विमान पाह्यलं तवाच माईत झालतं. मले बसाले जागा पाह्यजे होती."

ठराव एकमताने मंजूर झाला, असे इतिवृत्तात लिहिले आहे. ते खरे आहे. आईच्या मागोमाग दुसरा हात माझा होता.